तिशीची वाट कशाला बघायची? सीमाभागातल्या आरोग्य अधिकाऱ्यांना खुलं पत्र

बेळगाव जिल्हा आणि लगतच्या सीमाभागातील जिल्हा व तालुका आरोग्य अधिकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. हे पत्र लिहायचं गेल्या चौदा नोव्हेंबरला ठरलं, म्हणून त्या दिवसापासूनच सुरुवात करते.

सकाळी शाळेत बालदिन झाला. भाषणं झाली, गाणी झाली, शेवटी प्रत्येकाच्या हातावर एकेक पेढा. आठवीतली एक मुलगी पेढा मुठीत घेऊन उभी होती. खाल्ला नाही, टाकला नाही, कुणाला दिलाही नाही. तिला दोन वर्षांपूर्वी टाइप वन मधुमेह झाला, म्हणजे साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिनच शरीरात तयार होईना झालं. ही गोष्ट शाळेत मला आणि तिच्या एका मैत्रिणीलाच माहीत आहे, आणि ती तशीच राहावी अशी तिच्या आईची इच्छा आहे. (उद्या लग्न जमवायचंय, असं आई म्हणते. मुलगी तेरा वर्षांची आहे.)

शाळेपासून हाकेच्या अंतरावर समाजमंदिरात त्याच सकाळी एका मंडळाचं मधुमेह तपासणी शिबिर होतं. चौदा नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिनसुद्धा आहे. इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१चा, नेहरूंचा १४ नोव्हेंबर १८८९चा. त्यामुळं आपल्याकडं पोरांचा दिवस आणि साखरेचा दिवस एकाच तारखेला येतात, पण एकमेकांची ओळख नसल्यासारखे शेजारून निघून जातात. मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला घेऊन शिबिरात गेले. दारावर फलक होता, '३० वर्षांवरील सर्वांसाठी मोफत'. टेबलावर बसलेला पोरगा हसून म्हणाला, "टीचर, लहान पोरांना कुठली शुगर? तुम्ही बसा, तुमची बघतो." माझी बघितली. २१४ आली. त्यानं मला गोड कमी करायला आणि रोज चालायला सांगितलं. मला तीस वर्षं होत आली इन्सुलिन घ्यायला लागून. मी बरं म्हणाले आणि मुलीला घेऊन परत वर्गात आले.

त्या पोराचा दोष नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातच सरसकट तपासणी तिशीपासून पुढं आहे, मंडळांची शिबिरंही तोच आकडा उचलतात. आपल्या भागात साखरेचा आजार म्हटला की पोट सुटलेला, रिटायर झालेला माणूस डोळ्यांपुढं येतो. त्या जातीच्या मधुमेहाला तिशीची अट ठीकच आहे. पण नवव्या वर्षी टाइप वन झालेलं पोर तिशी गाठतं तेव्हा त्याच्या आजाराला एकवीस वर्षं झालेली असतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं रुग्ण तपासून काढलेला निष्कर्ष असा होता, की वीस वर्षांच्या आजारानंतर टाइप वनच्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोळ्याच्या पडद्यावर काही ना काही खुणा असतातच. म्हणजे तुमचा फलक ज्या दिवशी त्याला आत या म्हणतो, तोवर घर अर्धं जळालेलं असतं.

माझं सांगते. १९९६ साली मला बारावं लागलं होतं. पावसाळ्याचे दिवस. मी घागरीला तोंड लावून पाणी प्यायचे आणि रात्री चार वेळा उठायचे. आजी आईला म्हणायची, "पोरगी किती पाणी प्याय लागलीय बग, आणि वाळाय लागलीय." आधी जंत झाले म्हणून औषध दिलं, मग कावीळ म्हणून गळ्यात माळ घातली. शेवटी श्वास जोरजोरानं चालू झाला, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला आणि मी बेशुद्ध पडले. बेळगावला नेईपर्यंत मी जगते की नाही असं होतं. तिथं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्या वासावरूनच ओळखलं. मी वाचले ते त्यांच्या नाकामुळं.

पुढची दोन वर्षं बरी गेली. चौदाव्या वर्षी मात्र साखर काही केल्या ताब्यात राहीना. सकाळी उपाशीपोटी तीनशे, कधी साडेतीनशे. ज्यांच्याकडं आम्ही जायचो ते डॉक्टर कागदावरचा आकडा बघायचे, मग चष्म्यावरून माझ्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "चोरून खातेस ना?" आईनं गुळाच्या डब्याला कुलूप घातलं. बाबांनी कुंद्याचा बॉक्स घरात आणायचं बंद केलं. भाऊ चिडला, कारण माझ्यापायी त्याचाही कुंदा बंद झाला. मी गूळ एकदा खाल्ला होता, हे खरं आहे. रोज नाही. पण तीनशेच्या आकड्यापुढं पोराचं कोण ऐकतं?

मला निर्दोष सोडलं ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकानं, तेही मी शिकवायला लागल्यावर. अंतःस्रावी ग्रंथींचा धडा घेता घेता मी अडखळले. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी वयात येताना वाढीचं संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, भरपूर सोडते, हे मी फळ्यावर लिहिलं. त्याच्याखाली लिहिलं, की हे संप्रेरक इन्सुलिनच्या उलट काम करतं. खडू हातात तसाच राहिला. मी बारा वर्षं स्वतःला चोर समजत होते.

साहेब, तुम्ही डॉक्टर आहात, तुम्हाला हे पाठ असेल. पण हे पत्र आया आणि शिक्षकही वाचतील, म्हणून उलगडून लिहिते. निरोगी माणसाचं इन्सुलिन स्वादुपिंडातून निघतं आणि सगळ्यात आधी यकृतात जातं. आम्ही ते सुईनं कातडीखाली टोचतो. मग ते सगळ्या अंगाला वाटलं जातं आणि यकृताच्या वाट्याला थोडं येतं. यकृताला पुरेसं इन्सुलिन मिळालं तरच ते वाढीच्या संप्रेरकाचा हुकूम पाळून आयजीएफ-वन नावाचं दुसरं संप्रेरक तयार करतं. रक्तातलं आयजीएफ-वन पुरेसं वाढलं की पीयूषिका समजते, काम झालं, आता थांबावं. आमच्या रक्तात ते कमी पडतं. मग पीयूषिकेला वाटतं कुणी ऐकेना, म्हणून ती आणखी ओरडते, आणखी संप्रेरक सोडते. ते विशेषकरून रात्री झोपेत सुटतं. पहाटे साखर चढते. वयात येणाऱ्या पोरात हा सगळा गोंधळ दुप्पट होतो, कारण पीयूषिका तशीही त्या वयात जोरात असते.

म्हणूनच लहानपणी दिवसाला किलोमागं ०.७ ते १ युनिट इन्सुलिन लागणाऱ्या मुलाला वयात येताना १.२ ते २ युनिटपर्यंत लागू शकतं. हा नेहमीचा हिशोब आहे. चाळीस किलोच्या मुलीला पस्तीस युनिटांवरून साठ-सत्तरवर न्यावं लागलं, तर ती गूळ चोरते असं होत नाही, ती वाढते आहे असं होतं. मुलींचं आणखी एक. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस बऱ्याच जणींची साखर चढते आणि पाळी सुरू झाली की उतरते. ही गोष्ट चौदा वर्षांची मुलगी पुरुष डॉक्टरला, शेजारी बाबा बसलेले असताना, सांगेल का? मी नाही सांगितली.

आता कुणी म्हणेल, वय निघून गेलं की साखर आपोआप ताब्यात येते, एवढी ओरड कशाला. तिथंच तर खरी अडचण आहे. बारीक रक्तवाहिन्या त्या वर्षांचा हिशोब विसरत नाहीत.

अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ अशी दहा वर्षं एक मोठी चाचणी चालली. टाइप वनचे १,४४१ रुग्ण, वय १३ ते ३९. निम्म्यांना त्या काळची नेहमीची इंजेक्शनं, निम्म्यांना दिवसातून तीन-चार वेळा इंजेक्शन किंवा पंप. पहिल्या गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी तपासणीत, ती टक्क्यांत मोजतात) ९ टक्क्यांच्या आसपास राहिली, दुसऱ्याची ७च्या. सरासरी साडेसहा वर्षांनी पाहिलं, तर दुसऱ्या गटात डोळ्याचा पडदा नव्यानं बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी होता. मज्जातंतूंचा त्रास ६० टक्क्यांनी कमी. चाचणी संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळजवळ एकसारखी झाली, तरी दोघांमधला फरक पुढं वर्षानुवर्षं टिकून राहिला. २००५ साली समजलं, की सुरुवातीला काटेकोर राहिलेल्यांना हृदयविकार आणि तत्सम घटना ४२ टक्क्यांनी कमी झाल्या. रक्तवाहिन्यांची ही आठवण चांगल्या वर्षांचीही असते आणि वाईट वर्षांचीही. शास्त्रज्ञांनी तिला चयापचयाची स्मृती असं नाव दिलंय. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणतील, केलेलं फिटत नाही.

त्याच चाचणीतली एक गोष्ट मी माझ्या त्या जुन्या डॉक्टरांना दाखवली असती, ते हयात असते तर. तिच्यात १३ ते १७ वयाची १९५ पोरं होती. जगातली उत्तम रुग्णालयं, आठवड्याला फोन करणाऱ्या परिचारिका, आहारतज्ज्ञ, सगळं हाताशी. तरी काटेकोर गटातल्या पोरांची तीन महिन्यांची साखर मोठ्यांपेक्षा सुमारे एक टक्क्यानं जास्तच राहिली, ८.१च्या आसपास. तेव्हा बोस्टनच्या पोरांनाही कुणी गुळाच्या डब्याजवळ पकडलं असेल का? आणि तेवढ्या ८.१वरसुद्धा त्यांचे डोळे बाकीच्या पोरांपेक्षा पुष्कळ वाचले. म्हणजे ७ गाठता आलं नाही तरी दहावरून आठवर आलेलं वाया जात नाही. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी ही दोन वाक्यं आईला सांगितली, तर निम्म्या घरांतली कुलपं निघतील.

या चाचणीचे मुख्य निष्कर्ष १९९३ साली छापून आले. मी आजारी पडले १९९६ साली. आणि माझ्या डोळ्यात कुणीतरी यंत्रानं पहिल्यांदा पाहिलं ते २०११ साली.

मार्चचे दिवस होते, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होते. उत्तरपत्रिकेवर एक काळा धागा दिसला. फुंकर मारली, गेला नाही. मान वळवली तर धागाही वळला. दुपारपर्यंत डाव्या डोळ्यात काजळी धुरासारखी पसरली. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. चष्मेवाल्यानं शहाणपण केलं, नंबर न काढता बेळगावला पाठवलं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, बराच वेळ आत पाहिलं आणि विचारलं, "पंधरा वर्षांत पडदा कुणी बघितलाच नाही?" पडद्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या आणि त्यातली एक गळत होती. पुढं चार बैठकांत लेसर झालं. दृष्टी वाचली. पण लेसरनं पडद्याच्या कडा भाजून टाकल्यामुळं संधिप्रकाशात मला नीट दिसत नाही. साडेपाचच्या बसनंतर मी रस्त्यावर नसते. गावच्या लक्ष्मी यात्रेत रात्रीचा रथ मी आता आवाजावरून ओळखते.

या नव्या वाहिन्या फुटण्याचाही संप्रेरकांशी संबंध आहे, हे मला उपचार घेताना समजलं. १९५३ साली पोलसन नावाच्या डेन्मार्कच्या डॉक्टरांनी एका मधुमेही बाईची हकीगत लिहिली. बाळंतपणात रक्तस्राव होऊन तिची पीयूषिका ग्रंथी मेली आणि त्यानंतर तिच्या डोळ्याचा बिघडलेला पडदा सुधारत गेला. झालं, पुढची दहा-पंधरा वर्षं युरोप-अमेरिकेत मधुमेहाच्या रुग्णांचे डोळे वाचवण्यासाठी कवटीत शिरून पीयूषिकाच काढून टाकायचे किंवा जाळायचे. काहींचे डोळे खरंच वाचले. पण डोळ्यासाठी केवढी किंमत ती! सत्तरच्या दशकात लेसर सिद्ध झालं आणि ती शस्त्रक्रिया इतिहासजमा झाली. मला ही गोष्ट वर्गात सांगायला फार आवडते. शेवटच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकतात.

त्यातून आजच्यासाठी निघणारं एक सावधपण मात्र गंभीर आहे. वर्षानुवर्षं साखर बेफाम असलेल्या मुलाची साखर आपण एकदम खाली आणली, तर पहिल्या वर्षात काहींचा पडदा आधी बिघडतो, मग सुधारतो. वर सांगितलेल्या चाचणीतच काटेकोर गटातल्या १३.१ टक्के लोकांना हे झालं, नेहमीच्या गटात ७.६ टक्क्यांना. इन्सुलिन पुरेसं मिळाल्यावर यकृताला जाग येते, आयजीएफ-वन झपाट्यानं वाढतं आणि आधीच उपाशी असलेल्या पडद्याला ते चिथावतं, असं एक कारण सांगतात. म्हणून साखर आणू नये असं नाही. आणावीच, लांबच्या पल्ल्यात फायदाच आहे. पण डोस वाढवायच्या आधी डोळा बघावा. तालुक्याच्या ठिकाणी डोळा बघायची सोयच नसेल, तर हे डॉक्टर करणार कसं?

मूत्रपिंडाची तऱ्हा आणखी मुकी आहे. डोळ्यात निदान धागा दिसतो, मूत्रपिंड शेवटपर्यंत बोलत नाही. ते स्वतः रेनिन नावाचं द्रव्य सोडतं, त्यातून रक्तदाब वाढवणारं अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते उलट मूत्रपिंडाच्याच बारीक गाळण्यांवर दाब आणतं. गाळणी सैल झाली की लघवीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन गळायला लागतं. अगदी सुरुवातीची गळती, लघवीतल्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्याच्या एका ग्रॅममागं ३० मिलिग्रॅमच्या पुढची, आपल्या केंद्रातल्या साध्या पट्टीवर दिसत नाही. पट्टीचा रंग बदलतो तोवर गळती कितीतरी पटींनी वाढलेली असते. आणि याच टप्प्यावर औषध आहे. १९९३ सालीच ४०९ टाइप वन रुग्णांवर कॅप्टोप्रिल हे रक्तदाबाचं औषध वापरून पाहिलं होतं. डायलिसिस, मूत्रपिंड बदलणं किंवा मृत्यू यांचा एकत्रित धोका निम्म्यावर आला. त्याच जातीचं एनलाप्रिल तुमच्या औषधाच्या खोलीत, रक्तदाबाच्या म्हाताऱ्यांसाठी, असतं. ते कुणाला द्यायचं हे कळायला लघवीची तपासणी हवी. (गरोदर बाईला ते चालत नाही, एवढं मात्र लग्न झालेल्या मुलीला कुणीतरी सांगायला हवं.)

बायकांबद्दल आणखी थोडं. पाळी सुरू असते तोवर इस्ट्रोजेनमुळं बायकांना हृदयविकार कमी होतो, असं आपण शिकतो आणि शिकवतो. टाइप वनमध्ये ही ढाल फारशी राहत नाही. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशोब असा, की टाइप वनमुळं अकाली मरण्याचा जादा धोका पुरुषांपेक्षा बायकांत सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आहे. चाळिशीच्या बाईनं छातीत जळजळतं म्हणून सांगितलं आणि तिला टाइप वन असेल, तर तिला पित्ताची गोळी देऊन परत पाठवू नका. मला एकदा पाठवलंय. सुदैवानं पित्तच होतं.

आता मागणं काय ते सांगते. मोठं काही नाही.

वाढीच्या संप्रेरकाची रक्ततपासणी मी मागत नाही. ते तासातासाला चढतं-उतरतं, एका नळीतल्या रक्तावरून काहीच सांगता येत नाही. उगाच कुणीतरी महागडं पॅकेज काढायचं. संप्रेरकांपैकी फक्त थायरॉइडची टीएसएच तपासणी दर एक-दोन वर्षांनी व्हावी, कारण टाइप वनच्या मुलांत या थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथीवरही शरीर स्वतःच हल्ला करतं, आणि ते लक्षात आलं नाही तर वाढ खुंटते, कोलेस्टेरॉल चढतं.

मागते ते एवढंच, की टाइप वनच्या प्रत्येक मुलाचं नाव तालुक्याच्या एका वहीत असावं आणि वर्षातून एका दिवशी त्याचा डोळ्याचा पडदा, सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तदाब आणि पाय बघितले जावेत. बालमधुमेहाचे तज्ज्ञ जगभर सांगतात, की आजाराला दोन ते पाच वर्षं झाली आणि वय अकरा झालं, की हे सुरू करा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनंही २०२२ साली टाइप वनसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. ती तुमच्या कपाटात असतील. ताप असताना, खेळून आल्यावर किंवा पाळीत लघवीचा नमुना घेऊ नये, आणि एकदा जास्त आलं म्हणून घाबरवू नये, तीनपैकी दोनदा आलं तरच धरावं. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण लॅबमधल्या मुलाला सांगायची आहे.

तुम्ही म्हणाल, बेळगावला सगळं मिळतं. मिळतं. खानापूर ते बेळगाव पंचवीसेक किलोमीटरच आहे आणि शक्ती योजना आल्यापासून आयांना बसचं तिकीटही नाही. पण कणकुंबी-जांबोटीकडच्या किंवा भीमगडच्या जंगलातल्या वाडीवरून निघालेली बाई आधी चालते, मग बस धरते, मग रांगेत उभी राहते आणि तिची त्या दिवसाची मजुरी जाते. डोळ्यात थेंब घातल्यावर मुलाला चार-पाच तास नीट दिसत नाही. तिथं उद्या या म्हणाले, की ती पुन्हा येत नाही. पावसाळ्यात मलप्रभेच्या पाण्यानं ओढे चढले की दोन-दोन दिवस वाट बंद आणि वीजही गायब. तेव्हा इन्सुलिनची कुपी मातीच्या मडक्यात, ओल्या वाळूत ठेवून दिवस काढतात. जूनच्या आधी दोन-तीन महिन्यांचं इन्सुलिन हातात मिळालं तर बरं. आणि सोबत सुया त्याच जातीच्या द्या. सरकारी कुपी बहुतेक मिलिलिटरला ४० युनिटांची, तिला लाल टोपीची सिरिंज. पावसात कुणीतरी दुकानातून १०० युनिटांची कुपी आणतो, तिला नारिंगी टोपीची लागते. १०० युनिटांची कुपी लाल टोपीनं ओढली तर अडीचपट डोस जातो. साखर वाढलेली पोरं हळूहळू बिघडतात, पण असं झालं तर साखर एकदम उतरून एका रात्रीत खेळ संपतो. मी माझ्या विद्यार्थिनीच्या दप्तरात दोन्ही टोप्या ठेवून तिला रंग पाठ करून घेतलेत.

सीमाप्रश्नावर या पत्रात बोलायचं नव्हतं, पण एक गोष्ट राहवत नाही. महाराष्ट्रानं आपली आरोग्य योजना इकडच्या ८६५ गावांना लागू केली, कर्नाटकाची स्वतःची योजना आहेच. दोन सरकारं आमच्यावरून भांडली, म्हणजे कधी नव्हे ते आमचा भाव वाढला. पण दोन्ही योजना मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्यावर कामाला येतात. डायलिसिसला पैसे मिळतात. डायलिसिस टाळणाऱ्या काहीशे रुपयांच्या लघवीच्या तपासणीला मात्र आईला पदरच्या गाठीला हात घालावा लागतो. दोन्हीकडच्या साहेबांनी या एका मुद्द्यावर भांडून दाखवावं.

भाषेचंही तेवढंच. त्या मुलीच्या आईला मिळालेली माहितीपत्रिका कन्नडमध्ये होती. मी कन्नड वाचते, तिला येत नाही. तिनं ती जपून देव्हाऱ्यात ठेवली होती. मराठीतली पत्रिका छापायला पैसे नसतील तर मजकूर मी लिहून देते, कन्नडही शेजारी राहू दे. इन्सुलिन बंद करू नका, एवढं एक वाक्य तरी तिच्यात ठळक असावं. दरवर्षी कुणीतरी काढेवाला येतो, इन्सुलिन सोडा म्हणतो आणि पोर चार दिवसांत श्वास ओढत बेळगाव गाठतं.

शिक्षण खात्याला वेगळं पत्र लिहिणार आहे, पण तुमच्या शिफारशीला वजन येईल म्हणून सांगून ठेवते. सीबीएसईनं २०१७ सालापासून टाइप वनच्या मुलांना परीक्षेत साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी जवळ ठेवायची मुभा दिली आहे. आमच्याकडची मुलगी दोन वर्षांनी दहावीला बसेल. साखर उतरली की तिचे हात थरथरतात आणि समोरचं अक्षर दिसेनासं होतं. तीन चमचे साखरेची पुडी खिशात होती म्हणून तिला कुणी कॉपीबहाद्दर ठरवू नये.

शेवटी कॅमेऱ्याबद्दल. डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा गाडीतून नेता येतो. फोटो इथं काढायचा आणि बेळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिथून बघायचा. वर्षातून एक दिवस, आठवडी बाजाराला धरून, तो आमच्याकडं पाठवा. मूल येईल, कारण बाजाराला आई येतेच. जागेची काळजी करू नका. आमच्या शाळेची प्रयोगशाळा आहे, दोन खिडक्या, दोन प्लग, पंखा चालतो. फोटोसाठी खोली अंधारी लागते. प्रकाशाच्या धड्यासाठी मी दोन्ही खिडक्यांना जाड काळे पडदे शिवून घेतले आहेत. फक्त चारच्या आधी उरका, म्हणजे मला साडेपाचची बस मिळेल.

आपली नम्र,
खानापूर तालुक्यातील एक विज्ञान शिक्षिका